फोटोवरचा हार
मैनाबाई अकोल्याच्या बाजारात बांगड्या भरतात. हात कितीही घट्ट असो, समोरच्या बाईला त्या बोलण्यात गुंतवतात आणि बांगडी केव्हा सरकली ते तिला कळतही नाही. त्यांच्या स्वतःच्या हिरव्या चुड्याबद्दल मात्र लोक त्यांच्या माघारी बोलत. नवरा जानराव बांगड्यांची पेटी घेऊन कौंडण्यपूरच्या यात्रेला गेला, तो परतलाच नाही. मुलगी भावना तेव्हा पाळण्यात होती. आता तिचीच मुलगी शाळेत जाते. जानराव नदीत गेला म्हणणारे होते, त्यानं दुसरं घर केलं म्हणणारेही होते. मैनाबाईंनी कोणाचंच मनावर घेतलं नाही.

जानरावचा एकच फोटो होता, स्टुडिओवाल्याचा कोट घालून काढलेला. मैनाबाई दर दिवाळीला त्याची काच पुसत, पण हार कधी घातला नाही. सासूनं एकदा झेंडूचा आणला, तर तो त्यांनी मुकाट्यानं दाराला बांधला. माणूस येणार होता, त्याच्या फोटोला हार कसा घालायचा?

पुढे घर नव्यानं बांधलं, तेव्हा जावयानं जुन्या लाकडी चौकटी भंगारात दिल्या. त्यात चौकटीसकट तो फोटोही गेला. तेव्हापासून बांगड्या भरताना मैनाबाईंचं बोलणं आटलं.

त्यांचा जीव रमावा म्हणून भावना त्यांना एका रात्रीसाठी अमरावतीला घेऊन गेली. जुन्या शहराच्या परकोटाच्या आत सरकीच्या एका जुन्या गोदामाचं छोटंसं, देखणं हॉटेल झालं होतं. पितळी दिवे, गुळगुळीत फरशी, पलंगावर पांढरीशुभ्र चादर.

"एवढं महागाचं काहून वं?"

"जलमभर दुसऱ्याचे हात सजवले तू. एक दिवस ऐष कर."

"कायची ऐष! थे चादर पाहून बसाचीच भीती वाटून राह्यली मले."

संध्याकाळी दोघी जेवायला खाली आल्या. जेवणघराच्या भिंतीवर जुने फोटो ओळीनं लावले होते: पगडीवाले, नऊवारीतल्या बाया, सगळ्यांना चंदनाचे हार. मैनाबाई चालता चालता थांबल्या. भावनानं मागं वळून पाहिलं.

"काय झालं, आई?"

"तुहा बाप व्हय तो."

पगडीवाल्यांच्या मधोमध कोटातला जानराव होता. त्याच्याही गळ्यात हार.

व्यवस्थापक यशोधन धावत आला. सगळं ऐकून बिचारा ओशाळला. "आजी, हे फोटो आम्ही जुन्या बाजारातून आणले. शोभेसाठी. हारसुद्धा शोभेचेच हो, त्यात दुसरं काही नाही. आत्ता काढतो." त्यानं स्टूल ओढलं.

"काढा," भावना घाईनं म्हणाली. "आईले चालत नाई."

मैनाबाई फोटोकडे बघत होत्या. जानराव कोटात ऐटीत उभा होता, तिशीही न ओलांडलेला. आता तसाच समोर आला असता तर मुलगाच वाटला असता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

"आई?"

"माह्या हातानं झालं नसतं वं. तुह्याही नाई. या हाटेलवाल्यायले कुठं माहीत होतं तो कोण हाय थे."

यशोधननं स्टूल बाजूला सारलं. हळूच म्हणाला, "फोटो घरी न्या, आजी."

"नेतो. हारासकट," मैनाबाई म्हणाल्या.

त्या जेवल्या नाहीत. खोलीत जाऊन न्हाणीघरात शिरल्या. पानात गुंडाळलेली साबणाची इवलीशी वडी होती, तिचं पान त्यांनी सोडवलं. भावना दाराशी कान देऊन उभी होती. पाण्याची धार ऐकू येत होती. काच फुटल्याचा आवाज काही आला नाही.

मैनाबाई बाहेर आल्या तेव्हा मनगटं मोकळी होती. बांगड्या ओंजळीत होत्या, एक ना एक अख्खी. त्यांनी त्या लेकीच्या पदरात घातल्या.

"पुसून ठेव," त्या म्हणाल्या. "साबणाचं पाणी सुकलं का डाग पडते."