गुडगाव ते ब्रजघाट: मामांच्या अस्थी आणि न निवणाऱ्या रात्री

मे महिन्यात मामा गेले. त्या आठवड्यात गुडगावला रात्रीही गार होत नव्हतं. त्यात वीज गेली आणि मामांचं आधीच अशक्त झालेलं हृदय थकलं. मामीचा फोन आला, "श्री, अस्थी गंगेत सोडायच्यात. येशील?" त्यांना मूलबाळ नाही. मी पुण्याहून दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनची गाडी पकडली.

तेव्हा गुडगावला मेट्रो नव्हती. स्टेशनवरून प्रीपेड टॅक्सी केलेली बरी. धौला कुआं ओलांडलं की रस्ता जरा मोकळा मिळतो. मामांची सगळी नोकरी दिल्लीत मुनिरकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीनंतर घेतलेला गुडगावचा अकराव्या मजल्यावरचा हा फ्लॅट मामीच्या हौसेचा. बाल्कनीसमोर आणखी टॉवर उभे राहत होते, त्यांच्यामध्ये कापणी झालेलं एकच शेत उरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ब्रजघाटला निघालो. गंगा गाठायला दिल्लीकरांना हरिद्वारपेक्षा हे जवळ. जाणार असाल तर गाझियाबाद लवकर ओलांडा, नंतर ट्रकांची रांग लागते. हापूडला चहा छान मिळाला. मामीने तो तसाच ठेवला.

गाडीत ती म्हणाली, "तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस. मला खरं सांग. क्वार्टरच्या अंगणात खाटा टाकून झोपायचो आम्ही. तिथेच कुठेतरी राहिलो असतो तर?"

मी सांगू लागलो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी वर सोडते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीच शोषतात, काही परत खाली पाठवतात. ते मुळीच नसते तर आपण गोठलो असतो. पण कोळसा, डिझेल जाळून आपण कार्बन डायऑक्साइड वाढवत चाललोय, म्हणून रात्री पूर्वीसारख्या निवत नाहीत. शिवाय सिमेंट दिवसाची उष्णता धरून ठेवतं.

"मग ते कशानं गेले? फ्लॅटमुळे, की या वायूमुळे?"

"एकाच रात्रीचं असं वेगळं काढून सांगता येत नाही, मामी. पुष्कळ वर्षांच्या रात्री एकत्र पाहिल्या तरच काही म्हणता येतं."

"म्हणजे माझी चूक नव्हती, असंही तुला सांगता येत नाही."

"नाही," मी म्हणालो. पुढे ब्रजघाटाच्या अलीकडच्या गढमुक्तेश्वरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घाटावर नाववाला म्हणाला, "पानी पीछे चला गया है, माताजी. थोड़ा पैदल चलना पड़ेगा." वाळू चपलेतूनही भाजत होती. मी हात पुढे केला, तो मामीने धरला नाही. नाव मधोमध गेल्यावर तिने कलश हळूहळू पाण्यात रिकामा केला.

"आता जरा गार वाटेल हं तुम्हाला," ती म्हणाली.

पुण्याला परतल्यावर मी तिला दिलेलं उत्तर अनेकदा तपासलं. ते बरोबर होतं. तरी त्या गाडीत ते दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

आठवड्याने तिचा फोन आला. "काल धुळीची आंधी आली, मग बिल्कुल गार झालं. मला पडल्या पडल्या झोप लागली." मग म्हणाली, "सकाळी उठले तर स्वतःचाच राग आला."