वडापच्या थांब्यावरची घंटा

केराबाईच्या तोंडाला लागायचं काम नाही, हे अक्कलकोट रस्त्याच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वडापवाल्याला पक्कं ठाऊक होतं. बाई सांगोल्याकडची. मेंढरांमागं निम्मा जन्म गेलेला, त्यामुळं आवाज असा की आरोळी ठोकली तर टेकडीपलीकडचं कोकरू मागं फिरावं. नवरा गेला, मेंढरं विकली आणि ती सोलापुरात लेकीकडं आली. पण जावयाच्या अन्नावर बसणारी ती नव्हे. आठवड्याभरात रस्त्याकडेला गॅसची शेगडी मांडून कडक भाकरी करू लागली. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, सावकाश शेकायची, मग पांढऱ्या कापडाच्या धडप्यावर पसरून ठेवायची. तिची भाकरी मोडताना कट्‌कन आवाज यायचा. वैजयंतीबाईंची खानावळ तिच्याकडून रोज एक टोपली न्यायची, आणि त्या टोपलीवरच तिचा संसार चालायचा.

आता नशीब बघा. नेमका तिच्या पुढ्यातच वडापचा, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या खासगी गाड्यांचा थांबा. जुन्या जीपा, डिझेलच्या टमटम, आणि गाडी भरेपर्यंत एक पठ्ठ्या इंजिन बंद करील तर शपथ! उभ्या गाड्या दिवसभर धडधडायच्या आणि काळा धूर ओकायच्या. दुपारपर्यंत धडपा तव्याच्या बुडासारखा दिसायचा. एके दिवशी वैजयंतीबाईंनी भाकरी नाकाशी नेली आणि टोपलीत परत ठेवली. डिझेलचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं पानात भाकरी टाकून उठतात, मंगळवारच्या बाजारापर्यंत काही झालं नाही तर मला दुसरीकडून घ्यावी लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. केराबाईला राग आला, पण स्वतः तुकडा चावून पाहिला तेव्हा तो तिलाही गिळवेना.

भांडून झालं होतं. ती ओरडली की इंजिनं बंद व्हायची, ती भाकरी उलटायला वळली की पुन्हा सुरू. ट्रॅफिकचे पोलीस एकदा येऊन दंड करून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी. गाड्यांचे नंबर लावणारा महिपती तर धूरतपासणीचा कागदच नाचवायचा. गाडी पास हाय की, म्हणायचा आणि म्हणता म्हणता स्वतःच खोकायचा.

त्या शनिवारी तिला एका बारशाला वळसंगला जायचं होतं. थांब्यावर दोन जीपा उभ्या. एक गप्प, दुसरी धडधडणारी. केराबाई सवयीनं धडधडणारीत चढून बसली. बसली ती बसलीच! नंबर गप्प जीपचा होता, ती भरून निघून गेली तरी हिचा ड्रायव्हर नुसता ॲक्सिलरेटर दाबत उभा. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जी गाडी सुरू ती आधी सुटणार, असं प्रत्येक प्रवाशाला वाटतं. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर इंजिन सुरू ठेवतो. आणि आपण तरी काय वेगळं केलं? आपलेच दात, आपलेच ओठ. बारशाला गेली खरी, पण पाळण्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून पितळी घंटा काढली. कळपाच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली. मेंढरं विकली तेव्हा एवढी एकच वस्तू तिनं हातची सोडली नव्हती. माळावर कितीही धूळ उडो, मेंढरू घंटेमागं जायचंच.

तिनं महिपतीला गाठलं. ज्या गाडीचा नंबर, तिच्या आरशाला घंटा बांधायची, बाकीच्यांनी इंजिन बंद ठेवायचं, गाडी सुटली की घंटा मागच्याकडं द्यायची. माणसं काय मेंढरं हायती व्हय, म्हणून ड्रायव्हर पोट धरून हसले.

"मंगळवारचा एक दिवस द्या," केराबाई म्हणाली. "माणसं घंटेकडं आली न्हाईत, तर शेगडी उचलून मी हितनं जाती. परत त्वांड दाखवनार न्हाय."

रोजची शिव्यांची पूजा टळेल, या आशेनं महिपतीनं ते कबूल केलं.

मंगळवार उजाडला. इंजिनं बंद झाली. पहिल्या जीपला घंटा लटकली, पण प्रवासी गोंधळून लांबच उभे राहिले. तेवढ्यात रांगेच्या शेवटी सिद्धाप्पा नावाच्या ड्रायव्हरनं हळूच आपली टमटम सुरू केली. झालं, माणसं तिकडं वळली! केराबाईची एवढ्या वर्षांची जागा हातची चालली होती. तिनं शेगडी विझवली, पदर खोचला आणि जीपच्या पायरीवर चढून घंटा अशी बडवली की अख्खा थांबा दचकला.

निंगव्वा नावाची एक म्हातारी बाजाराचं गाठोडं घेऊन टमटमकडं निघाली होती. ती थबकली. वळसंगच्या या म्हातारीनंही शेरडं राखली होती, हा आवाज तिच्या ओळखीचा होता. केराबाईनं तिला "बर्री, बर्री" म्हणून कानडीत बोलावलं. निंगव्वा हसत हसत जीपमध्ये येऊन बसली. तिच्यामागं तिची सून, सुनेमागं दोघं तिघं, आणि बघता बघता जीप भरून सुटलीसुद्धा. घंटा मागच्या गाडीला गेली, तीही भरली. सिद्धाप्पा रिकामी टमटम धडधडवत बसला होता. शेवटी त्यानंही चावी फिरवून इंजिन बंद केलं.

डिझेल वाचतंय म्हटल्यावर कोण कशाला चावी लावतोय? दुपारी वैजयंतीबाई आल्या तेव्हा थांब्यावर गाड्यांची रांग होती आणि धडप्याचा रंग पांढरा होता. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग भाकरी मोडली.

कट्‌!

तो आवाज पार शेवटच्या टमटमपर्यंत गेला. एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही तिथं. ड्रायव्हर वळून बघायला लागले. वैजयंतीबाईंनी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली आणि उद्यापासून दोन टोपल्या लागतील म्हणून सांगितलं.

केराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि या खेपेला ते धुरानं नव्हतं. तिनं एक भाकरी उचलली आणि रांगेच्या शेवटी जाऊन सिद्धाप्पाच्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "आज पयल्यांदा तुला हिची खरी चव कळंल."