मागची सीट नसलेली गाडी

आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की आई एकच वाक्य बोलते. "मला रिक्षातून नेलं होतं." पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

पप्पा सिल्वासातल्या एका धाग्याच्या कंपनीत मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते. माझ्या जन्माच्या दिवशी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा कंपनीची पांढरी गाडी आमच्या दारात उभी होती आणि चावी खुंटीला होती. पप्पांनी खुंटीकडे बघितलं, चपला घातल्या आणि नाक्यावर जाऊन रिक्षा आणली. कंपनीच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, असा नियम. एसटीडी बूथवरून साहेबांना एक फोन केला असता तर ते 'अरे, विचारतोस काय, घेऊन जा' म्हणाले असते, हे पप्पाही मान्य करतात. "पण विचारावं तर लागलं असतं ना," म्हणतात. झालं. रस्त्यातल्या एकेका खड्ड्याचा हिशेब आईने आजवर ठेवलाय, आणि पप्पा चालवतायत आणि आई शेजारी बसलीय असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या गेटमध्ये गाडी वळवताना पप्पांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी हळूच जाऊन एका कुंडीला टेकली. कुंडी फुटली, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पप्पांनी त्याच दिवशी चावी ऑफिसात नेऊन ठेवली आणि निवृत्तीला एक वर्ष बाकी असताना घरी बसले. साखर एकदम उतरली होती, इतकंच. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वर्षभर तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, "काका, बिनधास्त चालवा." काका मान डोलावून घरी आले आणि टोकरखाड्याच्या आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. खालून जाणाऱ्या गाड्या न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायच्या, हा त्यांचा उद्योग. "क्लच गेलाय याचा," स्वतःशीच म्हणायचे. मला ते बघवायचं नाही. चिडचिड व्हायची, आणि मी चिडले की भांडी जोरात घासते, त्यामुळे आईला सगळं कळायचं.

एका रविवारी खालून एक वेगळाच आवाज गेला. जरा घोगरा, जरा मिजासखोर. पप्पा खुर्चीतून उठून कठड्याला टेकले. "अगं, ही गोव्यात बनायची ती! उघड्या टपाची, दोन सीटर. अजून जिवंत आहे?" दोन वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. लाल रंगाची, नाक खाली, बूड वर, एवढीशी गाडी खेरडीच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली. पप्पा नंतर बराच वेळ उभेच होते.

मी एका कारखान्याच्या लॅबमध्ये धाग्याची ताकद तपासते. पगार बेताचा. पण माणसाला एकदा खूळ लागलं की लागलं. महिनाभर विचारत विचारत मी ती गाडी शोधून काढली. खेरडी रस्त्याला आंब्याच्या झाडाखाली, ताडपत्रीने झाकलेली. मालक मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. "गाडी खूप खाली आहे हो," ते म्हणाले. "मला आता हिच्यात बसता येतं, पण उठता येत नाही. दोन माणसं बोलवावी लागतात." म्हणून विकायची होती. आणि मागितलेला भाव असा, की बरी जुनी चारचाकी तेवढ्यात येणार नाही, पण ही येईल. कारण हिचे पार्ट मिळत नाहीत आणि हिला शहाणं गिऱ्हाईक मिळत नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माय वं! घ्यायचीच तर पुरी घे. अर्धी गाडी कशाला आणतेस?"

अर्धीच हवी होती मला. पुरी आणली असती तर काय झालं असतं ते दिसत होतं. पप्पांनी मला मागे बसवलं असतं, स्वतः कुणीतरी साहेब बसल्यासारखे ताठ झाले असते आणि चार दिवसांत चावी माझ्या हातात परत दिली असती. मागची सीटच नसलेली गाडी हवी होती. अर्थात हे मी बोलले नाही. "मला गाडीतलं काही कळत नाही, नुसती बघायला चला," एवढंच पप्पांना म्हटलं.

तिथे गेल्यावर पप्पांनी पहिल्यांदा काय केलं, तर बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. "हं," म्हणाले. मग माझ्या कानात, "विकणारे आधीच इंजिन तापवून ठेवतात. गार गाडी पहिल्या चावीला लागली तर खरी." लागली. मग ते चक्क जमिनीवर आडवे झाले, खालून टॉर्च मारला, दारांची चारचारदा उघडझाप केली, ऑइलची काडी बोटांत चोळून वास घेतला. अंग फायबरचं, त्यामुळे पावसात गंजायचा प्रश्न नाही. टपाचं कापड फाटलेलं. मागचे दिवे कुठल्या तरी भलत्याच गाडीचे. पासिंग मात्र नुकतंच करून घेतलेलं, कागद चोख. पप्पा कपडे झटकत उठले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते.

मालकांनी चावी त्यांच्यापुढे धरली. "मारा एक चक्कर."

पप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मॅडम चालवतील."

मॅडम! स्वतःच्या पोरीला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बसले आणि मारली चक्कर. गिअर असा खरडला की आंब्यावरचे पक्षी उडाले. शेजारी पप्पांचा डावा पाय सारखा खाली दाबत होता, तिथे नसलेल्या क्लचवर. त्या पायाकडे बघून माझा राग उतरला.

सौदा झाला. एजंटने आरटीओचे कागद आमच्या टेबलावर पसरले आणि मी पप्पांना हाक मारली. "सही करा इथे." साक्षीदार म्हणून असेल असं त्यांना वाटलं. तीस वर्षं त्यांनी लॉगबुकात रोज सही केलेली, साहेब बोट ठेवतील तिथे, वर काय लिहिलंय ते न वाचता. "कुठे करू?" एवढंच विचारलं. मी बोट ठेवत गेले आणि ते करत गेले.

नव्या नावाचं आरसी कार्ड पोस्टाने आलं तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर पप्पा कार्ड हातात घेऊन बसलेले.

"फसवलंस मला."

"हो."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "परत अंधारी आली तर? तेव्हा गाडीत मी एकटा होतो. आता शेजारी तू असशील." इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते आणि ते बिचारे माझ्यासाठी घाबरत होते.

"म्हणूनच शेजारी बसायचंय मला," मी म्हटलं. "हँडब्रेक मध्येच आहे. माझा हात पोचतो."

पुढच्या रविवारी सकाळी ते आंघोळ करून पांढरा शर्ट घालून आले, ड्युटीवरचा. मी परत पाठवलं. मग चौकड्यांचा घालून आले. खाली गेल्यावर काच पुसली, टायर बुटाने दाबून बघितले, वळसा घालून आले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी बसले. आत बसल्यावर त्यांनी आरसा सवयीने जरा खाली वळवला, मागे बसलेल्या साहेबांचा चेहरा दिसावा तसा. आरशात टपाचं गुंडाळलेलं फाटकं कापड दिसलं. क्षणभर बघत राहिले, मग आरसा रस्त्यावर लावला.

गाडी निघाली. काय सांगू! तीच गाडी, तोच गिअर, पण आवाज नाही की धक्का नाही, लोणी कापल्यासारखी. हात हँडब्रेकशी तयार ठेवायचं मी दोन किलोमीटरात विसरले. किलवणीच्या फाट्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"कुठे घ्यायची?"

"मला काय विचारता? गाडी तुमची आहे."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागून एक टेम्पो हॉर्न देत गेला, एक मोटरसायकलवाला थांबून गाडीकडे बघून गेला, तरी गाडी तिथेच.

"मला कुणी विचारलंच नाही गं कधी, कुठे जायचंय म्हणून," शेवटी म्हणाले. "सुचत नाहीये."

मीही काही सुचवलं नाही. जड गेलं, पण जीभ चावून बसले. थोड्या वेळाने त्यांनी मागेपुढे बघितलं, गाडी वळवली आणि आल्या रस्त्याने थेट टोकरखाड्याला आणून आमच्या बिल्डिंगखाली उभी केली. मला वाटलं, झालं, संपलं. तर त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. हॉर्न मारून माणसाला बोलावणं हा उद्धटपणा आहे, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने!

आई गॅलरीत आली. "काय हो? झालं काय?"

"खाली ये."

"तवा गॅसवर आहे."

"गॅस बंद कर आणि ये." मग माझ्याकडे वळून, "उतर."

"मी?"

"दोनच सीटा आहेत."

उतरले. आई घरातल्याच चपलांनी खाली आली, मनगटापर्यंत पीठ. पप्पांनी वळसा घालून तिच्यासाठी दार उघडलं. तिने ती लाल एवढीशी गाडी बघितली, उघडं दार बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"का?" ती म्हणाली. "आज रिक्षा नाही मिळाली?"

पप्पांनी दार तसंच धरून ठेवलं होतं.

"बस," म्हणाले. "जरा उशीर झाला."

आईने पदराने हात पुसले. दोनदा पुसले, आणि मग डोळे. मग वाकून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन, आत बसली. मी वर जाऊन राहिलेल्या पोळ्या केल्या आणि झाकून ठेवल्या. दोघं दुपारी अडीचला परत आले, केसांत धूळ घेऊन. कुठे गेले होते ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.