काशिनाथमामा पुन्हा गाडीवर चढले तेव्हा

रनिंग रूम म्हणजे ड्यूटी संपली की रेल्वेगाडीवरच्या लोकांनी आडवं व्हायची जागा. पण चार ड्रायव्हर, चार फायरमन एकत्र आले की झोपतंय कोण? किस्से साठत जातात. काही खरंच हसायचे असतात, काही आपण नुसते हसत सांगतो.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. कोळशाच्या इंजिनावर काशिनाथमामा ड्रायव्हर आणि मी त्यांचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. राहुरीकडून नगरला येताना एका वळणावर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेला एक तरुण रुळावर आला. मामांनी शिट्टी दिली, ब्रेक मारला. गाडी थांबली, पण पुढं जाऊन.

*

रनिंग रूमच्या स्वयंपाकाला शेखचाचा होते. मामा आत येऊन बसले तसे सगळे भोवती जमले. काय झालं, कसं झालं! चाचांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एवढंच विचारलं, "मामा, भाकरी का चपाती?"

मामा म्हणाले, "भाकरी."

अपघातानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द.

*

चौकशीला साहेब आले. "शिट्टी दिली होती का?" त्यांनी तीनदा विचारलं.

तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "दिली साहेब. अजून वाजतीय."

साहेबांनी कागद मिटला आणि मामांना दहा दिवसांची रजा लिहून दिली.

*

मामा रजेवर, पण घरी जाईनात. दिवसभर आपल्या हातांकडं बघत बसायचे. चाचांनी त्यांच्यापुढं तांदूळ भरलेलं सूप ठेवलं. "खडे लई हायेत, निवडून द्या." रोज सूप, रोज खडे.

आठव्या दिवशी मी म्हणालो, "चाचा, दुकानदार बदला की. एवढे खडे येतात कुठून?"

"हळू बोल," चाचा म्हणाले. "मीच टाकतो."

*

रजा संपली. मामा इंजिनावर चढले खरे, पण ते वळण जवळ आलं तशी त्यांनी वाफ बंद करून गाडी पार हळू केली. बघतो तर त्या टप्प्यातली रूळदुरुस्तीची गँग, आठही जण, कुदळी खाली ठेवून रुळाच्या कडेनं ओळीत उभी! मुकादम हिरवा झेंडा हलवत ओरडला, "या मामा, वळण मोकळं हाय!"

मामांनी शिट्टी दिली. वळण संपेपर्यंत सोडलीच नाही.

*

महिन्याभरानं त्या तरुणाचा म्हातारा बाप मामांना शोधत रनिंग रूमवर आला. आता हा शिव्या देणार, कदाचित हातही उगारणार, असं आम्हाला वाटलं. मामा हात जोडून पुढं झाले.

म्हातारा म्हणाला, "भांडाया न्हाई आलो. त्याला शेवटचं तुमीच बघितलं. लई भ्याला हुता का?"

त्या पोराचा चेहरा आम्ही दोघांनीही पाहिला होता.

"न्हाई बाबा," मामा म्हणाले. "त्याचं ध्यानच नव्हतं."

म्हातारा माझ्याकडं वळला.

"व्हय," मी म्हणालो. "ध्यानच नव्हतं."