शरीराचे आभारप्रदर्शन

"जीबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. रबरी हातोडी गुडघ्यावर दोनदा मारूनही माझा पाय हलला नव्हता. जीबीएस म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम. जंतूंशी लढायला निघालेली आपली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणा ना!

त्याआधी मला जुलाब झाले होते. ते थांबले आणि तळपायांना मुंग्या आल्या. दर्यापूरच्या स्टँडवर बसमधून उतरताना चप्पल कधी निसटली ते कळलेच नाही. अशक्तपणा समजून मी लिंबूसरबत पीत बसले. पुढे जमिनीवरून उठता येईना, तेव्हा मिस्टरांनी जीपमध्ये घालून अमरावतीला आणले. तुमच्या दोन्ही पायांतले बळ असे जाऊ लागले, तर सरबत करत बसू नका. सरळ मोठा दवाखाना गाठा.

आयसीयूत डॉक्टर रोज एकच परीक्षा घेत. "एका श्वासात आकडे मोजा." लुळेपणा छातीपर्यंत चढला तर व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारे यंत्र, लावावे लागणार होते. माझी मोजणी रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर तुटायची. आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेतलेली मी, वीसच्या आतच धापा टाकू लागले. फार भीती वाटत होती.

मग आयव्हीआयजी नावाचे औषध सुरू झाले. सलाइनसारखी शिरेतून चढवायची काचेची बाटली. "हे कशापासून बनतं?" मी डॉक्टरांना विचारले.

"रक्तापासून. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून."

आता माझी ओळख सांगायला हवी. मी शिक्षिका. शाळेत कोणताही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन माझ्याच गळ्यात. निम्मे लोक उठलेले, मंडपवाला खुर्च्या उचलतोय आणि मी माइकवर. एक नाव सुटले की तो माणूस वर्षभर तोंड फिरवतो. आणि इथे हजारो माणसे, एकाचेही नाव ठाऊक नाही! कुणी अकोल्याचा असेल, कुणी आणखी कुठला. रक्त देऊन, बिस्कीट खाऊन घरी गेला असेल. तो थेंब थेंब माझ्यात उतरत होता. मला रडू आले, पण डोळे पुसायला हात उचलेना.

त्या नाव नसलेल्यांपासून मी ओठांतल्या ओठांत आभारप्रदर्शन सुरू केले. मग जे जे अजून चालू होते त्याकडे वळले. पाणी गिळता येते आहे, आभार. पापण्या मिटतात, आभार. केवढी मंडळी राबत होती माझ्या आत! आणि मी त्यांना कधी साधे नमस्कारालाही पुढे बोलावले नव्हते.

"काय पुटपुटून राहिली?" मिस्टरांनी विचारले. मी सांगितले.

"सोताच्याच आंगाचे आभार? डोक्यावर गेलं का वं हे?"

आभार मानून नसा बऱ्या होत नाहीत, औषधाने होतात. औषध सोडून हे करू नका. पण रात्रंदिवस यंत्राचाच विचार करणाऱ्या मनाला दुसरे काम मिळाले आणि मला झोप लागू लागली.

एका सकाळी मोजणी मागे आली नाही. कालच्याच आकड्यावर थांबली. दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे सरकली. "चढणं थांबलंय," डॉक्टर म्हणाले, "आता यंत्र लागणार नाही." त्या क्षणी छातीत शिरलेली हवा मला अजून आठवते.

पायांत बळ यायला कितीतरी महिने लागले. आता काठी घेऊन अंगणात जाते. उठण्याआधी रोज एका अवयवाचे, एका कामाचे आभार मानते. घरात त्याची थट्टा चालते.

परवा चहा पिताना मिस्टर म्हणाले, "आज कोनाचा नंबर?"

"श्वासाचा."

"थो तं आपोआपच चालते."

"पाहून घ्या ना एकदा."

ते हसले, पण कप खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "आपन झोपलो तरी हे चालूच रायते?"