कोरा रकाना

आमच्या कंपनीने त्याला फसवलं. त्याच्याच प्रश्नावर त्याला नापास करून घरी पाठवलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही त्याला भाबडा समजणार नाही.

वसई रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता मी डेटाचं काम शिकलो आणि मुलाखतीला गेलो. समोर हा बसलेला. वसईजवळच्या उमेळ्याचा, केळीच्या वाडीवाल्या घरातला. टेबलावर सुकेळ्यांचा, उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा डबा. चष्मा कपाळावर सारून त्याने मला एक यादी दिली.

"किती गिऱ्हाईकं हायेत, सांग."

यादीत एकशे वीस ओळी होत्या. माझं डोकं सटकलं. "मोजायला शिकायला आलोय का मी? आणि ही सुनीता तीनदा लिहिलीय, फोन नंबर एकच. ही एक धरायची की तीन?"

त्याने डबा माझ्यापुढे सरकवला. "खा. तुझं काम झालं."

मग पगारावरून मी त्याच्याशी तासभर भांडलो. शेवटी म्हणाला, "तुला केळी विकायला बाजारात बसवायला पायजे होतं."

डेटा इंजिनीअर काय करतो, हे त्याने आईला समजावलं होतं. "विहिरीतनं वाडीला पानी सोडतो ना आपन, तसंच. मधे पाट कुठे फुटला ते बघायचं." आई म्हणाली होती, "मग त्याला एसी कशाला लागतो?" हे तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

मुलाखतीचे सगळे प्रश्न त्यानेच काढलेले. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं शेजारच्या रकान्यात लिहिलेली होती. यादीच्या प्रश्नापुढे मात्र रकाना कोरा. मी विचारलं, तर म्हणाला, "लिवलं तर पोरं पाठ करून येतील. आधी विचारतो कोन, ते बघायचं. माझ्या डोक्यात हाय ना!"

मग नवे साहेब आले. प्रत्येकाने आपल्याच खुर्चीसाठी पुन्हा मुलाखत द्यायची, असा हुकूम निघाला. तोही मुलाखतीला बसला, आणि त्याला नापास करून काढलं. पंधरा वर्षं झाली होती त्याला. पोरीची बारावी होती.

तो गेल्यावर मुलाखती माझ्याकडे आल्या, आणि फाइलमध्ये त्याच्या त्या मुलाखतीचा कागद सापडला. कोऱ्या रकान्यात कोणीतरी ओळी मोजून लिहिलं होतं, एकशे वीस. खाली शेरा होता: 'उमेदवाराने उत्तर दिले नाही. उलट प्रश्न विचारला. गुण शून्य.'

मी साहेबांच्या टेबलावर कागद आपटला. ते म्हणाले, "प्रक्रिया सगळ्यांना सारखीच आहे."

रविवारी उमेळ्याला गेलो. तिन्ही बाजूंनी इमारती, मधे उरलेली वाडी. तो चटईवर केळी उलटत होता.

"साहेबावर ओरडलास ना?" वर न बघताच म्हणाला. "तुझा आवाज इथवर आला."

"दादा, तू का नाही ओरडलास?"

"मी विचारलं की. सुनीता एक का तीन? तिघं होते समोर. तिघांनी खाली बघून लिवून घेतलं." मग सुक्या पानात बांधलेली सुकेळी हातात दिली. "पोरांना दे. जाऊ दे आता."

मी जाऊ देणार नाही. आजही उमेदवार येतात, गुण मला त्या रकान्याप्रमाणेच द्यावे लागतात, आणि एकशे वीस म्हणणारा पास होतो. साहेब, तो आकडा कोणी लिहिला? प्रक्रिया सांगू नका, नाव सांगा. आणि त्या तिघांनी माझ्यासमोर बसून उत्तर द्यावं: सुनीता एक धरायची की तीन?