मालकाचा ठोकळा कुठाय?

आई दिवसभर सूतगिरणीत सूत काढायची आणि माझ्या फ्रॉकला ठिगळ लावायला चिंधी शेजारून मागून आणायची. कॉलेजात नापास झाले असते तर मीही त्याच गिरणीत गेले असते.

आज खिळ्यावरचा जुना लाकडी ठोकळा वाऱ्याने गरकन फिरला आणि मला हसू आलं.

परीक्षेच्या आधी मी आईला वेल्सच्या एका गिरणीमालकाची गोष्ट सांगितली होती. त्याने लहान पोरांना कामाऐवजी शाळेत घातलं. सगळे गुण्यागोविंदाने राहतील अशी गावंही वसवायला निघाला, ती काही टिकली नाहीत. कामगारांवर ओरडायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागेपाशी त्याने रंगीत ठोकळा टांगला. काळी बाजू पुढे म्हणजे काम वाईट, पांढरी म्हणजे उत्तम.

"आणि मालकाचा ठोकळा कुठाय?" आईने विचारलं.

"त्याला नव्हता."

"वाटलंच!"

तरी तिने तसाच ठोकळा रंगवून माझ्या अभ्यासाच्या जागेवर टांगला. मी पेंगले की काळी बाजू पुढे. मग मीही एक चुलीपाशी टांगला आणि आमटी खारट झाली तेव्हा फिरवला.

"ए भवाने, मालकिणीला ठोकळा नसतो. तूच सांगितलंस ना?"

जग सुधारायला निघालेली माणसं बहुधा अशीच असतात, स्वतःला सोडून. पण पोरांना शाळेत घालणाऱ्याला आईने बाकी सगळं माफ केलं होतं.

वाऱ्याने आता काळी बाजू पुढे आणली आहे. आणू दे. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.